चौथं पुस्तक देऊ की नको?

प्रिय नंदू,

ईराने ‘अर्थसी’ मालिकेतलं तिसरं पुस्तक संपवलं. एवढं एकच वाक्य लिहून पाकीट बंद केलं असतं तरी तुला पुढचं सगळं कळलं असतं. बाकी ज्याला सांगावं तो म्हणतो, "अरे वा, मुलगी वाचते!" आणि विषय तिथेच संपतो.

आमच्या तब्येती ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझ्या गोळ्या चालू.

पुस्तक मिटल्या मिटल्या ती काय म्हणाली असेल? "आई, गेड होडीतून गेला की डोंगरावर?" आपल्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही रे. आपल्यासाठी तो महामांत्रिक होडीतूनच गेला होता. पुस्तकाच्या शेवटी गाण्यात सांगितलंय तसा: नव्या राजाचा राज्याभिषेक झाला, गेड आपल्या लुकफार होडीत बसला, पश्चिमेकडे निघाला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. पण त्याच्या खालीच लेखिका ले ग्विनबाईंनी लिहून ठेवलंय की गाँट बेटावरचे लोक वेगळं सांगतात. नवा राजा त्याला शोधत तिथे आला, तर गेड आधीच एकटा, पायी, डोंगरातल्या रानात निघून गेलेला. १९७२ पासून ते तिथे छापलेलं आहे. तुझ्या वहीत मात्र डोंगराचा पत्ता नाही.

ती वही आहे ना अजून? निळ्या शाईतला नकाशा, पश्चिम टोकाच्या सेलिडर बेटाच्याही पलीकडे तू स्वतःच्या अधिकारात वसवलेली बेटं, आणि नावं सुचेनात म्हणून मन्याच्या वर्गातल्या मुलांची आडनावं उलटी करून दिलेली! शेवटच्या पानावर गेड काळ्या वाळूवर उतरतो आणि पुढे ड्रॅगन बसलेला असतो, तिथे शाई सांडून ड्रॅगनचं अर्धं तोंड बुडालं होतं. तू म्हणालास, राहू दे, धूर दिसतोय. ते आपलं चौथं पुस्तक. खरं हाती लागेपर्यंत आपण त्यातच राहत होतो.

आणि मग खरं आलं. त्या दिवशी तू म्हणालास, "हिने गेडला मारलं असतं तरी चाललं असतं." मी तुझ्याशी किती भांडले! तुला आठवत असेल, दीपा मध्ये पडली म्हणून निभावलं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की पुस्तक थोर आहे. तुझा मुद्दा वेगळाच होता, आणि तो तू कधी धड मांडला नाहीस, नुसता ओरडलास. आता तो मीच मांडते, कारण इतकी वर्षं मी त्यावर विचार करतेय.

बाईंनी जग तेच ठेवलं. बेटं तीच, गाँटही तेच. फक्त आपण आजवर महामांत्रिकाच्या खांद्यावरून बघत होतो, तिथून उचलून त्यांनी आपल्याला एका शेतकऱ्याच्या विधवेच्या घरात आणून ठेवलं. टेनारच्या! जिला आपण दुसऱ्या पुस्तकात थडग्यांच्या अंधारातून बाहेर येताना पाहिलं, ती आता दोन मोठ्या मुलांची आई आहे, आणि भाजलेल्या, टाकून दिलेल्या एका पोरीला सांभाळतेय. गेड ड्रॅगनच्या पाठीवरून येतो खरा, पण अर्धमेला, विद्या संपलेला. राजाची माणसं न्यायला आली की लपून बसतो. शेळ्या राखतो. रात्री गुंड घरात घुसतात तेव्हा तो मंत्र म्हणत नाही, त्याच्या हातात दाताळं असतं. तुला ते दाताळं सहन झालं नाही. मला तो अख्ख्या मालिकेतला सगळ्यात धीट प्रसंग वाटतो. यावर आपलं एकमत होणार नाही, सोड.

पण तुझी निराशा खोटी नव्हती, नंदू. तिसरं १९७२ चं, चौथं १९९० चं. मध्ये अठरा वर्षं. एवढ्या काळात लेखिका बदलली. १९९२ मध्ये ऑक्सफर्डला दिलेल्या भाषणात तिने सांगितलंच की वीरकथांची ती परंपराच पुरुषांची, आणि स्त्री असूनही आपण तिच्याच नियमांनी लिहीत होतो. बरोबर आहे. पण त्याच अठरा वर्षांत वाचकही गप्प बसलेला नव्हता. त्याने आपापली वही भरली होती. जगभर अशा किती वह्या असतील! चौथं पुस्तक आलं तेव्हा त्याला झुंजावं लागलं ते या वह्यांशी. अशा वाचकांना विद्वान लोक बालिश ठरवतात तेव्हा मला अजूनही संताप येतो. ज्याने जीव लावला त्यालाच दुखणार ना!

मन्याचं दुःख वेगळ्या जातीचं आहे, आणि ते मी या तागडीत घालत नाही. त्याच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या मार्टिनने २००० च्या तिसऱ्या पुस्तकानंतर कथा पाच वर्षं पुढे न्यायची ठरवली, ते जमेना म्हणून बेत मोडला, मग पसारा इतका वाढला की पात्रं वाटून दोन पुस्तकं करावी लागली. २००५ च्या पुस्तकात टिरियन या मुख्य पात्राचं एकही प्रकरण नाही, ती २०११ मध्ये आली. तिथे कथा हाताबाहेर गेली. अर्थसीत लेखिकेने ती समजून-उमजून वळवली. पहिल्यावर चिडता येतं, दुसऱ्यावर नुसतं रडू येतं. (मन्या भेटला तर सहाव्या पुस्तकाचं विचारू नकोस. मागच्या खेपेला दीपाने विचारलं आणि तुमची गाडी चुकली.)

आता माझी खरी काळजी. चौथं वाचलं की पहिलं पूर्वीसारखं वाचता येत नाही. पहिल्यात गाँटची ती म्हण आहे ना, बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू दुष्ट? लहानपणी आपण ती ओलांडून पुढे गेलो, आपल्याला वादळात होडी कशी वाचते ते बघायचं होतं. चौथ्यानंतर मी पहिलं उघडलं आणि त्या म्हणीपाशीच अडकले. रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत एकही मुलगी नाही हेही तेव्हाच दिसलं. शेवट बदलला तर माणूस आपला शेवट मनात जपून ठेवतो, पण इथे सुरुवातच हातातून गेली. मला ती गेली याचं वाईट वाटत नाही, मी मोठी होते. ईरा तेरा वर्षांची आहे.

पुस्तक कपाटात वरच्या खणात आहे. आज दिलं तर ती तिसऱ्याचं पान उलटून सरळ चौथ्यात जाईल. तिला धक्का कमी बसेल, कारण मोडायला तिचं स्वतःचं काही तयार झालेलंच नसेल. भाजलेल्या पोरीचं तिला काय वाटेल याची धाकधूक आहे, पण ते ती पेलेल असं मला वाटतं. थांबवलं तर ती आपल्यासारखी वर्षानुवर्षं बेटं वसवत बसेल, आणि एक दिवस तुझ्यासारखीच ओरडेल. कुठलं बरं? थेट हातात दिलं तर तिचं चौथं पुस्तक कधी जन्मालाच येणार नाही, आणि मला त्याचंच सगळ्यात वाईट वाटतं. मला वाटतं थांबावं. निदान तिने होडी की डोंगर हे स्वतः ठरवेपर्यंत. पण तुझं मत कळल्याशिवाय मी तो खण उघडणारही नाही आणि त्याला कुलूपही लावणार नाही.

तुझी बदली झाल्याचं मन्याकडून कळलं. जमलं का तिथे? दीपाच्या परीक्षेचा निकाल लागला की लगेच कळव, आणि तिला सांग, मी तिच्या बाजूने आहे, कशाच्याही. अप्पांचं डोळ्यांचं झालं ना? बरं झालं.

वही पाठव. मूळच हवी, झेरॉक्स नको, त्यात निळी शाई काळी होते. ईराला दाखवायची आहे. तिच्याकडून वहीला काही होणार नाही याची जबाबदारी माझी. आणि पत्रात भांड हवं तेवढं, कागदावर मला मध्येच तोडता येत नाही तुला.

तुझी,
वासू