पाळीचं दुखणं लग्नाने बरं होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत पाळीच्या दुखण्यावर घरगुती उपाय सांगणारा लेख आला होता. ओवा, गूळ, शेक इथपर्यंत ठीक. पण शेवटी लिहिलं होतं की लग्न होऊन मूल झालं की हा त्रास आपोआप जातो. माझ्या वहिनीने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि पंधरा वर्षांच्या माझ्या भाचीला दवाखान्यात न्यायचं पुढे ढकललं. म्हणून हे पत्र.

मी चौदा वर्षांची असल्यापासून हेच ऐकत आले. मी एसटीत वाहक आहे. बरीच वर्षं सातारा–महाबळेश्वर केलं, मेढ्यावरून. केळघर घाटात कळ आली की एका हाताने दांडा धरायचा, दुसऱ्याने ओटीपोट, आणि कळ ओसरली की पुढचं तिकीट. त्या दिवसांत शौचाला बसलं की आतून कोणी चिरतंय असं वाटे. एका डॉक्टरांनी पोट साफ व्हायचं औषध दिलं, दुसऱ्यांनी पित्ताचं. दोन वेळा सोनोग्राफी नॉर्मल आली. लग्न झालं. दुखणं थांबलं नाही, दिवसही राहिले नाहीत, आणि खापर माझ्यावरच फुटलं. जड उचलते, वेळेवर जेवत नाही, लग्न उशिरा केलं.

एकतिसाव्या वर्षी पुण्यात एका डॉक्टर बाईंनी विचारलं, "पाळीत शौचाला दुखतं का?" सतरा वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. डाव्या अंडाशयात सहा सेंटीमीटरची चॉकलेट सिस्ट निघाली. साकळलेलं जुनं रक्त चॉकलेटसारखं दिसतं म्हणून ते नाव. आजार एंडोमेट्रिओसिस.

त्यांनी चिठ्ठीच्या मागे चित्र काढलं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, अंडाशयावर, आतड्यावर, मूत्राशयावर वाढतात. पाळीच्या चक्राबरोबर त्याही सुजतात, रक्त सोडतात, आणि पोटातले अवयव एकमेकांना चिकटतात. पण त्या तिथे येतात कुठून? पाळीचं थोडं रक्त गर्भाशयाच्या नळ्यांतून उलटं पोटात जातं आणि तिथे रुजतं, असं जॉन सॅम्पसन या अमेरिकन डॉक्टरने १९२७ मध्ये मांडलं. मी विचारलं, मग माझंच रक्त उलटं का गेलं? त्या म्हणाल्या, "तुमचंच नाही, शंभरातल्या नव्वद बायकांचं जातं. आजार होतो दहातल्या एकीला." म्हणजे बाकीच्यांचं शरीर ते निपटून काढतं आणि आमचं काढत नाही. त्यात प्रतिकारशक्तीचा भाग आहे, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा आहे. पोटाच्या आतल्या पडद्याच्या पेशीच बदलून गर्भाशयाच्या अस्तरासारख्या होतात, असंही काही तज्ज्ञ मानतात, कारण अगदी क्वचित हा आजार पुरुषातही सापडला आहे. सगळ्यांना लागू पडेल असं एकच कारण अजून हाती आलेलं नाही. जड उचलणं किंवा आंबट खाणं मात्र त्यात कुठेच नाही.

जुळ्या बहिणींच्या अभ्यासांतून दिसतं की जवळपास निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. हे ऐकलं आणि मला आई आठवली. चुलीत विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून पोटाशी धरून पडायची. तिला कोणी नाव सांगितलं नाही. आता भाची तशीच गुडघे पोटाशी घेऊन पडते.

गरोदरपणात पाळी थांबते, तेवढ्यापुरतं काहींचं दुखणं कमी होतं. ते पुन्हा येतं. माझं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आता रोज संप्रेरकाची गोळी चालू आहे. आजार मुळापासून गेलेला नाही, पण मी कामावर उभी राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात सुमारे १९ कोटी बायकामुलींना हा आजार आहे.

पाळीत थोडं दुखणं वेगळं, आणि गोळी घेऊनही दर महिन्याला शाळा बुडणं वेगळं. असं असेल तर मुलीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं, आणि साधी सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून तिचं दुखणं खोटं ठरवू नये, एवढं तरी त्या लेखात यायला हवं होतं.

माझी विनंती आहे की लग्नाबद्दलचं ते वाक्य चुकीचं होतं, असं आपण त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावं. मी वहिनीला खूप सांगून पाहिलं. पण तिचा विश्वास छापून आलेल्यावर आहे, आणि आमच्या घरी पेपर आपलाच येतो.

आपली,
एक एसटी वाहक, सातारा