संगणक बंद पडतो तो विंडोजमुळे नाही

दि. १२ जून २०२५
नागपूर

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : वॉरंटीतील डेस्कटॉप चालू न होणे, चुकीचे निदान आणि तक्रार परस्पर बंद केल्याबाबत.

महोदय,

गेल्या दसऱ्याच्या ऑफरमध्ये मी आपल्या कंपनीचा डेस्कटॉप सीताबर्डीतल्या आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतला. तीन वर्षांची ऑनसाइट, म्हणजे घरी येऊन दुरुस्तीची, वॉरंटी आहे. आज तो टेबलाखाली नुसता उभा आहे. बटण दाबले की सीपीयूतला पंखा अर्धा फेरा घेतो, थांबतो, पुन्हा एक झटका देतो आणि गप्प होतो. मदरबोर्डवरचा छोटा दिवा लागलेला असतो, पण स्क्रीनवर आपला लोगोसुद्धा येत नाही. आपल्या नोंदीत मात्र माझ्या तक्रारीपुढे 'निवारण झाले' असे लिहिले आहे.

मी घरून जीएसटीची कामे करते. मानेवाड्यातले किराणा दुकानदार, हार्डवेअरवाले, एक मंगल कार्यालय, या सगळ्यांचे हिशेब याच मशीनवर टॅलीत आहेत. काल ११ तारीख होती, जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची. ती मी बहिणीच्या लॅपटॉपवर रात्री जागून भरली. जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे विवरणपत्र, २० तारखेला आहे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज लागते, आणि ते माझ्या दुकानदारांना भरावे लागते. 'तुमचा नंबर लवकरच लागेल' हे आपल्या हेल्पलाइनचे वाक्य मला का पुरत नाही, ते यावरून लक्षात यावे.

आता मूळ बिघाडाकडे येते. सुरुवात मे महिन्यात झाली. दुपारी काम करता करता संगणक एकदम बंद पडायचा. निळी स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही, दिवा घालवावा तसा काळोख. लगेच बटण दाबले तर चालू होत नसे. अर्धा-पाऊण तास तसाच ठेवला की मुकाट सुरू व्हायचा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे तिच्या घडामोडींच्या नोंदवहीत, दर वेळी एकच नोंद सापडली : कर्नल-पॉवर ४१, आणि तिच्यात बगचेक कोड ०. विंडोज स्वतः कोसळली असती तर तिथे काहीतरी कोड आला असता. शून्य म्हणजे विंडोजला कोसळायलाही वेळ मिळाला नाही, खालून वीजच गेली.

हे मी आपल्या इंजिनिअरना पहिल्याच भेटीत दाखवले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिले आणि म्हणाले, "ताई, विंडोजच करप्ट होऊन राहिली. फॉरमॅट मारून देतो." मी नको म्हटले. आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डमधला सेटिंगचा पडदा, उघडून ठेवा, असा आग्रह धरला. बायोसमध्ये विंडोज लोड झालेलीच नसते, विंडोज आणि डेटा ज्यात असतो ती एसएसडी काढून ठेवली तरी बायोस उघडते. त्या निळसर पडद्यावर आम्ही दोघे बघत बसलो. तिथे प्रोसेसरचे तापमान ५० च्या आसपास दिसत होते, म्हणजे तोही तापलेला नव्हता. थोड्या वेळाने आमच्या डोळ्यांदेखत संगणक बंद पडला. मॉनिटरवर 'नो सिग्नल' आले. जी विंडोज चालूच नव्हती तिने मशीन कसे बंद पाडले, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. उत्तर मिळण्याऐवजी पुढच्या भेटीत मी दुसऱ्या खोलीत फोनवर असताना फॉरमॅट मारला गेला. सी ड्राइव्हवर टॅलीचा सगळा डेटा होता. रोज संध्याकाळी मी पेन ड्राइव्हवर बॅकअप घेते म्हणून दुकानदारांचे हिशेब वाचले, यात आपल्या सेवेचे श्रेय काही नाही. गाडी पंक्चर म्हणून गॅरेजला द्यावी आणि तिने धुऊन पुसून परत यावे, तसला हा प्रकार झाला.

फॉरमॅटनंतर अर्थातच तो पुन्हा बंद पडू लागला. मग कारणे बदलली. आधी म्हणाले, घरातले व्होल्टेज कमी-जास्त होते. संगणक, मॉनिटर आणि वायफायचा राउटर एकाच यूपीएसवर आहेत. संगणक बंद पडतो तेव्हा मॉनिटर डोळाही मिचकावत नाही, राउटर चालू राहतो. व्होल्टेजला फक्त आपलीच मशीन निवडून मारता येते का? इलेक्ट्रिशियनने बोर्डावर २२८ व्होल्ट मोजले, अर्थिंगही तपासले. मग म्हणाले, कूलरच्या ओलाव्याने होते. कूलर खिडकीत आहे, संगणक समोरच्या भिंतीला, मध्ये अख्खी खोली. आणि शेवटी, "नागपूरचं ऊनच तसं आहे, मॅडम." नागपूरचे ऊन कसे आहे ते आम्हाला ठाऊक आहे. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंश नोंदवले गेले होते. यंदाच्या नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद पडायचा तेव्हा माझ्या खोलीतल्या थर्मामीटरवर ३३-३४ अंश दिसत होते, कूलरमुळे. एवढ्यात जे मशीन चालू शकत नाही, ते विदर्भात विकताना पेटीवर तसे छापायला हवे होते.

खरा बिघाड माझ्या भावाने शोधला. तो आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आपल्याच इंजिनिअरसमोर आणि त्यांच्या संमतीने त्याने एक उदबत्ती पेटवून एसएमपीएसच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, मागच्या जाळीजवळ धरली. संगणक सुरू होता, म्हणजे आतल्या पंख्याने धूर बाहेर फेकायला हवा होता. धूर सरळ रेघ धरून वर गेला. जाळीतून वाकून पाहिले तर पंखा जागच्या जागी, पात्यांवर धुळीचा थर. बाकीचे पंखे गरगरत होते, त्यामुळे आवाजावरून काही कळत नव्हते. एसएमपीएसचा पत्रा इतका तापला होता की त्यावर तळहात टिकत नव्हता.

मग त्याने मल्टिमीटर लावला, कारण आपल्या इंजिनिअरकडे मल्टिमीटर नव्हता. पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मशीन थंड असताना ११.९ व्होल्ट आले. विंडोज इन्स्टॉल होत असताना, म्हणजे मशीनवर ताण असताना आणि एसएमपीएस तापल्यावर, आकडा उतरत उतरत ११.१ वर आला आणि संगणक बंद पडला. या वायरवर १२ व्होल्ट यायला हवेत, त्यात पाच टक्के फरक चालतो, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. मीटरच्या आकड्यांचा व्हिडिओ सोबत पाठवत आहे. त्यानंतरही एसएमपीएस बदलला नाही, तो तसाच तापत राहिला. उष्णतेने आतले कपॅसिटर वाळतात आणि एकदा वाळले की थंड केल्यानेही काम होत नाही. आज सकाळीसुद्धा मशीन उठत नाही त्याचे कारण हेच असणार. मदरबोर्डलाही धक्का बसला असेल तर तो आपल्या दिरंगाईने बसला आहे.

जॉबशीटवर, म्हणजे भेटीच्या कामाच्या नोंदीवर, मात्र लिहिले : 'ओएस रिइन्स्टॉल केले, मशीन ओके.' पंख्याचा उल्लेख नाही, ११.१ चा नाही. मी सही केली नाही. इंजिनिअर म्हणाले, "ताई, मोबाइलवर हॅपी कोड आला असेल, तेवढा सांगा, मला कॉल क्लोज करायचा आहे." मी सांगितला नाही. तरी संध्याकाळी तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला. कोड न देता ती कोणी आणि कशी बंद केली, हे मला लेखी हवे आहे.

शिवाय वॉरंटीत असूनही विंडोज टाकण्याचे ५९० रुपये घेतले. ५०० आणि त्यावर १८ टक्के, हिशेब बरोबर आहे. पण हातात दिलेल्या चिठ्ठीवर ना जीएसटी क्रमांक, ना बिल क्रमांक. माझा धंदाच हा असल्यामुळे ही चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. बंद केलेली तक्रार त्याच क्रमांकाने पुन्हा उघडावी. एसएमपीएस नवीन, तेवढ्याच क्षमतेचा आणि मोफत बसवावा. त्यानंतर माझ्या घरी निदान दोन तास मशीनवर ताण देऊन व्होल्टेज मोजावे आणि आकडे जॉबशीटवर लिहावेत. तरीही मशीन उठले नाही तर मदरबोर्ड बदलावा. ५९० रुपये परत करावेत. मशीन सर्व्हिस सेंटरला न्यावे लागलेच तर एसएसडी काढून माझ्याकडे राहील. तिच्यात दुसऱ्यांचे हिशेब आहेत आणि आपल्याकडचा फॉरमॅटचा अनुभव ताजा आहे.

बिलाच्या मागे बारीक अक्षरात लिहिले आहे की वाद झाल्यास आपल्या मुख्यालयाच्या शहरातले न्यायालय. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी अजून फोन केलेला नाही. १७ जूनपर्यंत काम झाले नाही तर करीन, आणि नागपूरच्या आयोगात अर्जही देईन. कागद तयार आहेत.

इंजिनिअर पाठवाल तेव्हा मल्टिमीटर आणि चालू स्थितीतला एसएमपीएस त्यांच्यासोबत द्यावा. विंडोजची पेन ड्राइव्ह आणण्याची गरज नाही.

आपली ग्राहक,
मानेवाडा, नागपूर

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाची प्रत, सही नसलेली जॉबशीट, ५९० रुपयांची चिठ्ठी, इव्हेंट व्ह्यूअरचे फोटो, मीटरचा व्हिडिओ.