आयोगाचं वेळापत्रक आणि तुझं

कुर्डुवाडी
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

प्रिय दत्ता,

फोनवर आपलं बोलणं धड होत नाही. इकडे दुकानात गिऱ्हाईक येतं, तिकडे अभ्यासिकेत आवाज नको म्हणून तू जिन्यात उभा राहून कुजबुजतोस. म्हणून आज दुकानाचं शटर अर्धं ओढून लिहायला बसलोय. पत्र लांबेल. एका बैठकीत वाच. तुकड्या-तुकड्यानं वाचलंस तर मध्येच राग येईल आणि उरलेलं तसंच राहील.

परवा 9 तारखेच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेबद्दल तू म्हणालास, "सीसॅटचे पासापुरते सहासष्ट निघतात, जीएसचं, सामान्य अध्ययनाचं, काठावर आहे, कट-ऑफ काय लागतो बघायचं." आणि मग बराच वेळ लोकसेवा आयोगाचा न् सरकारचा उद्धार केलास. त्यातलं मला काही खोटं वाटलं नाही. 2021 च्या मार्चमध्ये 14 तारखेची पूर्व परीक्षा तीन दिवसांवर आलेली असताना पुढे ढकलली, तेव्हा तू शास्त्री रोडवर ठिय्या देऊन बसला होतास आणि ती परीक्षा लगेच 21 ला झालीसुद्धा. गेल्या वर्षी 25 ऑगस्टला तुमचा पेपर आणि बँकेचा आयबीपीएसचा पेपर एकाच दिवशी आला. त्यात कृषीच्या 258 जागा त्या परीक्षेत घ्या म्हणून तुम्ही परत रस्त्यावर. राहुरीतून बीएस्सी ॲग्री केलेल्या माणसाला त्या जागा म्हणजे काय, हे मला कळतं. ती परीक्षा झाली 1 डिसेंबरला. यंदा 28 सप्टेंबरची पूर्व पुरामुळे 9 नोव्हेंबरवर गेली आणि 9 ला असलेली गट-बची पूर्व आणखी पुढे सरकली. तारीख पुढे गेली की आयोगाचं काही जात नाही, तुझं एका महिन्याचं कॉटचं भाडं, मेस आणि अभ्यासिकेची फी जाते. चिडायला तुला पूर्ण हक्क आहे.

फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जे तुझ्या हातात नाही त्यावर तू तासभर बोलू शकतोस आणि जे आहे त्यावर विचारलं की एका वाक्यात विषय संपवतोस. मी विचारलं होतं, अजून किती वर्षं? तू म्हणालास, "वय अडतीसपर्यंत आहे की."

लेका, अडतीस हा आयोगाचा आकडा आहे. राज्यातल्या लाखो पोरांसाठी कुणीतरी मंत्रालयात बसून ठरवलेला. तुझ्या बापाच्या, तात्यांच्या गुडघ्यांचा, तुमच्या जमिनीचा, तुझ्या स्वतःच्या उमेदीचा त्या आकड्याशी काही संबंध नाही. तू आज बत्तीस वर्षांचा आहेस. आणखी सहा वर्षं द्यायची असतील तर दे, पण ती तू ठरवून दे. जाहिरातीत लिहिलंय म्हणून देऊ नकोस.

आता थोडं कडू बोलतो. 2023 साली पुण्यात आंदोलन झालं ते कशासाठी? वर्णनात्मक पॅटर्न लगेच नको, 2025 पासून लागू करा, यासाठी. मागणी मान्य झाली आणि तुम्हाला दोन वर्षं मिळाली. तू मला तेव्हा फोन करून पेढे मागितले होतेस. त्या दोन वर्षांत तू हातानं किती उत्तरं लिहिलीस? पुण्यात तुझ्या खोलीवर आलो होतो तेव्हा कॉटच्या उशाशी ऑब्जेक्टिव्ह प्रश्नसंचांची चळत छातीएवढी होती. चार रंगांच्या हायलायटरनं पानन् पान रंगवलेलं. आणि "उत्तरलेखन" असं सुंदर अक्षरात लिहिलेली दोनशे पानी वही, तिची पहिली सात पानं भरलेली, बाकी कोरी. तू चहा आणायला खाली गेलास तेव्हा मी ती चाळली. राग येणार असेल तर येऊ दे.

नवी मुख्य परीक्षा काय मागते हे तूच मला समजावलं होतंस. नऊ पेपर. मराठी आणि इंग्रजी नुसते पास व्हायचे, मग निबंध, सामान्य अध्ययनाचे चार, वैकल्पिक विषयाचे दोन. 1750 गुण लेखी आणि 275 मुलाखत. तीन-तीन तास बसून लिहायचं. चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा सराव इथे मुख्य परीक्षेत कामाला येत नाही. आणि गट-ब, गट-क आणि तलाठ्यासारख्या सरळसेवा भरतीला नेमका तोच सराव लागतो. म्हणजे तू ज्या चार परीक्षांचे फॉर्म भरलेत त्या तुला चार दिशांना ओढतायत. सकाळी निबंध, दुपारी गणित-बुद्धिमत्ता, संध्याकाळी टेलिग्रामवर चालू घडामोडी, आणि रात्री कुणी म्हणालं की पोलीस उपनिरीक्षकाच्या जागा वाढणार, तर पहाटे उठून धावायला. तुला वाटतं चार दोर धरलेत म्हणजे एखादा तरी हाताला लागेल. मला तर दिसतं की तू कुठल्याही एका परीक्षेचा पूर्णवेळ उमेदवार नाहीस.

2023 ची तलाठी भरती आठव. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि दहा लाखांच्या वर अर्ज. त्यातला एक तुझा, "भरून ठेवू, काय जातंय" म्हणून टाकलेला. फीचे पैसे गेले ते सोड, पण तुझे दोन महिने गेले. "काय जातंय" हे वाक्य तू ज्या ज्या वेळी बोलतोस, त्या त्या वेळी काहीतरी जातच असतं. बहुतेक वेळा ते तात्यांच्या खिशातनं जातं.

तात्यांचं आता सांगतो. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं.

यंदा घट बसले आणि सीना गावात शिरली तेव्हा तू दोन दिवसांत येऊन पोचलास. घरातला गाळ फावड्यानं ओढून काढलास, आईला आमच्याकडे आणून सोडलंस, चिखलानं गच्च झालेला मोटारीचा स्टार्टर उघडून डिझेलनं धुतलास. मी बघत होतो. दोन वर्षांत तुला इतकं सरळ, न अडखळता काम करताना मी पाहिलं नव्हतं. काय आधी, काय नंतर, हे तुला कुणी सांगावं लागलं नाही. आधी माणसं, मग जनावरं, मग धान्य, मग मोटार. भिजलेल्या गाद्यांकडे तू पाहिलंसुद्धा नाहीस. मग परीक्षा पुढे गेल्याची बातमी आली आणि "तेवढेच दिवस मिळाले" म्हणून परत गेलास. तेही बरोबरच होतं.

पण तू गेल्यावर काय झालं ते ऐक. नदीकडच्या दोन एकरांतली वरची माती वाहून गेली, हे तू पाहून गेलास. आडवा झालेला ऊस कारखाना नेतोय की नाही याचा अजून पत्ता नाही. खरडून गेलेल्या जमिनीला सरकारनं हेक्टरी 47 हजार जाहीर केलेत, शिवाय रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंत माती भरायला. त्यासाठी पंचनामा, फार्मर आयडी, ई-केवायसी. तात्या त्या कागदांसाठी माढ्याला हेलपाटे घालतायत. एकदा दुकानात टेकले तेव्हा मी म्हणालो, दत्ताला विचारा की, तो ॲग्री झालाय, कुठली माती आणायची, किती थर द्यायचा, त्याला कळतं. तर म्हणाले, "त्येला कशाला इचारायचं? त्येचा अभ्यास हाय."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं बरं का, रुसून नाही. तेच मला लागलं. घरातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाला घरातला सगळ्यात मोठा प्रश्न विचारायचा नाही, असं तुमच्याकडे ठरून गेलंय. ते कुणी ठरवलं? तू नाही, तात्यांनी नाही. आपोआप झालं. गावात तुला "साहेब" म्हणायला लागले त्याच सुमारास झालं असणार. गणपतीत तू आलास की पोरं पाया पडतात, आणि तू हसून मान डोलावतोस खरं, पण दुसऱ्याच दिवशी पुण्याची गाडी पकडतोस. त्या "साहेब"ची भीती वाटते तुला. परत आलो तर कुठल्या तोंडानं, हा विचार तुझ्या सगळ्या वेळापत्रकाच्या वर बसलाय आणि त्याला तू एकदाही कागदावर घेतलेलं नाहीस.

मी तुला परीक्षा सोड म्हणत नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर तू पुढचं वाचणार नाहीस. तुझी कुवत मला माहीत आहे. बारावीला जीवशास्त्रात आपल्या सगळ्यांच्या पुढे तूच होतास आणि शिकवायला तर तू कुठल्याही क्लासवाल्याला भारी. माझं म्हणणं एवढंच आहे की तुझ्या आयुष्यात सध्या सगळ्याच गोष्टी पहिल्या नंबरवर आहेत. राज्यसेवा पहिली, गट-ब न् गट-कची कम्बाइन पहिली, घर पहिलं, तब्येत पहिली, अक्काच्या पोरीची फी पण पहिली. मग जी वस्तू त्या दिवशी जास्त ओरडते ती जिंकते.

तर एक कर. अभ्यासिकेत नको, तिथे सगळे एकमेकांच्या वह्या बघतात. सारसबागेत जाऊन बस किंवा एखाद्या अमृततुल्यमध्ये. मोबाईल खोलीवर ठेव. आणि आधी हे ठरव: राज्यसेवा की कम्बाइन. दोन्ही नको. राज्यसेवा म्हणालास तर वैकल्पिक विषय कृषी घे आणि रोज सकाळी, पेपर उघडायच्या आधी, हातानं उत्तरं लिही. तपासून घ्यायला तुझ्याच खोलीतला तो लातूरचा पोरगा आहे, तो तिखट आहे, चांगला आहे. टेलिग्रामचे चॅनेल सगळे काढ, एक ठेव. सरळसेवेची जाहिरात आली की फॉर्म भरायचा नाही, कितीही जागा असोत. हे तुला सगळ्यात जड जाईल, कारण फॉर्म भरला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. कम्बाइन म्हणालास तर उलट: निबंध-बिबंध गुंडाळून ठेव, गणित पक्कं कर, आणि राज्यसेवेचं नाव काढू नकोस. दोन्हीत कमीपणा नाही. माझ्या मते तू कम्बाइन घ्यावीस, कारण लिहायचा तुला खरंच कंटाळा आहे आणि बत्तिसाव्या वर्षी तो जाईल असं मला वाटत नाही. पण हे माझं मत. पेपर तुला द्यायचाय.

मग तारीख ठरव. आयोगाची नव्हे, तुझी. त्या तारखेला काय झालेलं नसेल तर तू काय करणार, हेही तिथेच लिही. "बघू" चालणार नाही. कृषी सेवा केंद्र, माती परीक्षण, क्लासवर शिकवणं, काहीही लिही, पण नाव घेऊन लिही. इथे टेंभुर्णी रोडला एक गाळा रिकामा आहे, हे मी नुसतं कानावर घालतो.

तिसरं पैशाचं. तात्या दरमहा पाठवतात ते या वर्षी कुठून येतात, तुला माहीत आहे? सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून. त्यांनी सांगितलेलं नाही आणि मी सांगितलं असं तू म्हणू नकोस. तुला तिथे संध्याकाळचे दोन तास शिकवायचं काम मिळत होतं, ते "अभ्यास बुडेल" म्हणून तू नाकारलंस. संध्याकाळचे दोन तास तू काय करतोस ते मी पाहिलंय, झेड ब्रिजवर कट-ऑफची चर्चा. ते काम घे. पैसे थोडे असतील, पण कॉटचं भाडं तुझं तू भरलंस की तात्यांशी बोलताना तुझा आवाज बदलेल.

आणि घराचं सगळं अंगावर घेऊ नकोस, फक्त मातीचा निर्णय घे. उन्हाळ्याआधी काय आणि किती भरायचं, ऊस परत लावायचा की एक वर्ष हिरवळीच्या खतासाठी ताग-धैंचा करून जमीन सावरायची, हे तू सांग. त्यांना फोन करून विचार, "तात्या, तळाला मुरूम उघडा पडलाय का काळी शिल्लक आहे?" बघ ते किती वेळ बोलतात. बाकी कागदांचं मी बघतो, माढ्याला माझं जाणं असतंच.

तब्येतीचं लांबवत नाही. रात्री दोनला जेवणं बंद कर. चष्म्याचा नंबर तपासून घे, फोटोत डोळे बारीक करून बघतोयस.

रागावलास तर चार दिवस बोलू नकोस, पाचव्या दिवशी फोन कर. राज्यसेवा की कम्बाइन, एवढंच सांग, कारण नको.

तलाठ्यानं जुन्या सातबाऱ्याची आणि आठ-अ ची प्रत मागितलीय. तात्या म्हणतात, शैक्षणिक कर्जाच्या वेळी तू नेलेली मूळ फाइल तुझ्या कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे. मोबाईलवर फोटो नको, नीट झेरॉक्स काढ आणि मूळ कागद स्वारगेटवरून येणाऱ्या कुणाच्यातरी हाती दे. आपल्या गावचा कंडक्टर गुरुवारी त्या गाडीवर असतो.

तुझा,
सुरेश