‘खेळणं बंद कर’ हा इलाज नव्हे

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी नागपुरात बावीस वर्षं पोरींना कबड्डी शिकवतोय. गेल्या वर्षी माझी एक चढाईपटू, वय सतरा, मध्यरेषेकडे वळताना कोसळली. गुडघ्यात ‘टक’ वाजलेलं मला शिट्टी तोंडात असताना ऐकू आलं. “सर, पाय सटकला ना!” एवढंच बोलली. तासाभरात गुडघा नारळाएवढा.

दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड शाबूत. क्रेप बँडेज, गोळ्या आणि सल्ला: “खेळणं बंद कर.” एक्स-रेत लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, दिसत नाही, हे तिच्या ऑटो चालवणाऱ्या वडिलांना कोण सांगणार? ते तुटलंय का बघायला गुडघा जरासा वाकवून नडगी पुढे ओढायची, दुसऱ्या पायाशी ताडून बघायची. अर्ध्या मिनिटाची तपासणी, खर्च शून्य. पहिल्या दिवशी सुजेमुळे कळत नसेल, तर आठवड्याने परत बोलवा. कुणी बोलावलं नाही. सूज उतरली, पोरगी मैदानात आली, मीही घेतली. ती चूक माझी. चार महिन्यांनी गुडघा पुन्हा निसटला. एमआरआयमध्ये लिगामेंट तुटलेलं, आणि आता आतली गादीही फाटलेली.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा दुपटीहून जास्त होते. ऑपरेशननंतर निदान नऊ महिने खेळ नाही, आणि त्या नऊ महिन्यांत खरं काम फिजिओचं.

पोलीस भरतीच्या पोरांचं वेगळंच. १६०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली, तरी पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत ती बहुतेकदा दिसत नाही. मग पेनकिलर घेऊन पळतात. उन्हाळ्याचं तर बोलूच नये. उष्माघातात अँब्युलन्स येईपर्यंत अंग थंड करत राहावं लागतं, आणि आमच्या मैदानावर बर्फ पानठेल्यावरून आणतो आम्ही.

मागणी लहान आहे. मेडिकल, मेयो, एम्स ही सरकारी रुग्णालयं याच शहरात आहेत. तिथला एक अस्थिरोगतज्ज्ञ आणि एक फिजिओ आठवड्यातून दोनदा मानकापूरच्या क्रीडा संकुलात बसवा. संध्याकाळी, कारण सकाळच्या ओपीडीत बापाचा दिवसाचा धंदा बुडतो. इमारत नको, फीत कापायलाही काही नको.

हिवाळी अधिवेशनाला आलात की एका संध्याकाळी आमच्याकडे या. तिच्या ऑपरेशनला सात महिने झालेत. बाकावर बसून गुण लिहिते ती तीच.

आपला,
एक कबड्डी प्रशिक्षक, नागपूर