खर्च चित्रांचा नव्हे, पाडकामाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला मोठ्या व्हिडिओ गेमच्या तोट्यावरचा लेख वाचला. कालच लिहायला बसले होते, पण रागाच्या भरात चार ओळींपुढे जाता आले नाही. 'ग्राफिक्सच्या हव्यासापायी बजेट हाताबाहेर गेले' असे लेखकाचे म्हणणे आहे. मी गेली नऊ वर्षे पुण्यात हेच ग्राफिक्स बनवते. परदेशी कंपन्यांच्या मोठ्या गेममधली घरे, रस्ते, खिडक्या, पिंपे आमच्यासारख्यांच्या हातून होतात. त्यामुळे हव्यास कोणाचा असतो आणि खापर कोणावर फुटते, हे मी रोज पाहते.

लेखात सोनी कंपनीच्या 'काँकॉर्ड' या गेमची गोष्ट सविस्तर आली आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला गेम आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, घेणाऱ्यांना पैसे परत मिळाले आणि ऑक्टोबरअखेर स्टुडिओच बंद करत असल्याचे जाहीर झाले. खरे आहे. पण त्याच सोनीच्या 'स्पायडर-मॅन २'वर एक ओळही का नाही? डिसेंबर २०२३ मध्ये तो बनवणाऱ्या इन्सोम्नियाक स्टुडिओची जी कागदपत्रे चोरीला जाऊन बाहेर आली, त्यांत या गेमचे बजेट ३० कोटी डॉलरच्या आसपास होते. पैसे वसूल व्हायला पूर्ण किमतीच्या ७२ लाख प्रती खपायला हव्या होत्या. फेब्रुवारी २०२४ पर्यंत एक कोटीवर खपल्या. सगळ्या पूर्ण किमतीला नसतील, तरी याला अपयश कोणी म्हणणार नाही. आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सोनीने प्लेस्टेशन या आपल्या गेम विभागातली सुमारे ९०० माणसे कमी करायचे जाहीर केले, त्यांत इन्सोम्नियाकचेही लोक होते. गेम आपटला म्हणून नोकऱ्या गेल्या, हे लेखातले गणित इथे कसे बसवायचे?

२०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीचे एक कागदपत्र आले होते. आकडे काळ्या मार्करने झाकलेले होते, पण स्कॅनमध्ये ते वाचता आले. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' या सोनीच्याच गेमचा खर्च २२ कोटी डॉलर आणि काम ऐन भरात असताना माणसे सुमारे २००. हा पैसा मुख्यतः पगारात जातो. माणसे गुणिले महिने, एवढाच हिशेब. आणि महिने का वाढतात, ते माझ्याच कामावरून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका गेमसाठी (नाव सांगायला कराराने बंदी आहे) एक बंदर उभे करायचे काम आमच्या टीमकडे होते. माझ्या वाट्याला मासळीबाजार आला. माझे गाव हर्णै. किनाऱ्यावरचा लिलाव लहानपणापासून पाहिलेला, त्यामुळे ओल्या वाळूत रुतलेल्या टोपल्या, बर्फाचा चुरा, दोर घासून घासून रंग उडालेली होडीची कड यांच्यासाठी मला संदर्भचित्रे शोधावी लागली नाहीत. टोपलीचे मॉडेल, म्हणजे नुसता आकार, अर्ध्या दिवसात होते. ती जुनी, ओली, रोज हाताळलेली दिसावी म्हणून टेक्स्चरला, म्हणजे पृष्ठभागाच्या रंग-पोताला, तीन दिवस लागतात. असे अकरा आठवडे काम केले. फीडबॅकच्या सहा फेऱ्या झाल्या. एका फेरीत लाकूड फार ओले वाटले, पुढच्या फेरीत फार कोरडे. मग मेल आला की कथा बदलली आहे, नायक आता बंदरावर येतच नाही, बाजार काढून टाका. चार महिन्यांनी बाजार परत आला, पण रात्रीचा, पावसातला आणि शंभर वर्षे आधीचा. टोपलीपासून सगळे नव्याने करावे लागले. शेवटचे दोन महिने रात्री अकराच्या आधी घरी गेल्याचे आठवत नाही.

पैसे दोन बाजारांचे गेले. खेळणाऱ्याला दिसला एकच. लेखकाला ज्यात ग्राफिक्सचा हव्यास दिसतो, त्यातला मोठा भाग वरच्या माणसांनी वेळेवर न ठरवण्याचा खर्च आहे, आणि तो आमच्या रात्रींमधून वसूल होतो.

गेम बाजारात आला तेव्हा बाबा पुण्याला आले होते. एसटीत कंडक्टर म्हणून तीस वर्षे काढलेला माणूस. मुलीचे नाव पडद्यावर बघायचे म्हणून शेवटच्या नावांची यादी त्यांनी पहिल्यापासून बघितली. अर्धा तास ती यादी सरकत होती. भाषांतर करणारे, चाचणी घेणारे, हिशेब ठेवणारे, इतकेच काय, गेम बनत असताना तिकडच्या कर्मचाऱ्यांना झालेल्या बाळांचीही नावे होती. ती पद्धत चांगली आहे, माझी तक्रार बाळांबद्दल नाही. पण आम्ही साठ जण होतो आणि आमच्या जागी आमच्या कंपनीचे नाव होते, एका ओळीत. बाबा म्हणाले, "पुढे असेल, थांब." पुढे नव्हते. यादी संपल्यावरही ते थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

कंपनीत विचारले तर क्लायंटचे धोरण असे आहे, असे उत्तर आले. क्लायंटला थेट विचारायची आम्हाला परवानगी नाही. काढून टाकलेला बाजार करारामुळे पोर्टफोलिओत, म्हणजे कामाच्या नमुन्यांत, ठेवता येत नाही आणि गेममध्ये आलेल्या बाजारावर माझे नाव नाही. नवी नोकरी शोधताना मी काय दाखवायचे?

'स्टुडिओंनी छोटे गेम करावेत' हा लेखकाचा सल्ला मला मनापासून पटला असता. पण टोकियोच्या टँगो गेमवर्क्सने २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' हा आटोपशीर गेम काढला, लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करायचे जाहीर केले. पुढे एका कोरियन कंपनीने त्याला वाचवले. छोटे आणि चांगले काम करूनही माणसे सुरक्षित राहत नसतील, तर सल्ला आधी तिजोरीच्या किल्ल्या हातात असलेल्यांना द्यायला हवा.

आणखी एक. या लेखासोबत मोबाइलवर रमी खेळणाऱ्या हाताचे छायाचित्र छापले आहे. त्याचा या विषयाशी काय संबंध? पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. त्याआधी त्या खेळांच्या पानभर जाहिराती आपल्याच अंकात 'गेमिंग' म्हणून येत होत्या. कायदा झाला तेव्हा माझ्या मावशीला दोन ठिकाणांहून विचारणा झाली, की भाचीची कंपनी आता बंद होणार का. स्थळे बघण्याच्या दिवसांत असे प्रश्न घरच्यांना किती लागतात, हे कृपया समजून घ्या. जुगाराला जुगार म्हणा आणि आमच्या कामाला आमचे नाव राहू द्या.

या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा तो लिहिणाऱ्याला बाणेर-हडपसरकडच्या एखाद्या स्टुडिओबाहेर रात्री दहानंतर उभे राहायला सांगा. तिथून बाहेर पडणारे कोणीही, नाव न छापण्याच्या अटीवर, बजेट कुठे जाते ते सांगेल.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे
(नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत दिला आहे. कृपया छापू नये.)