पाळकांना टार्गेट कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

चर्चचा कारभार कंपनीसारखा चालवावा, असे आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, नव्या पंचांचे (कारभारी समितीचे) म्हणणे आहे. त्यांनी ते स्लाइड दाखवून मांडले. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालो, आता मंडळीचा खजिनदार आहे.

निम्मे म्हणणे मला मान्यच आहे. उपासनेनंतर दानार्पणाची थैली दोघांनी मोजावी, दोघे एका घरातले नसावेत, चिठ्ठीवर दोघांच्या सह्या असाव्यात आणि सोमवारी रक्कम जशीच्या तशी बँकेत जावी. परस्पर त्यातूनच फुलवाल्याचे भागवू नये. यात संशय कुणावर नाही. उद्या कुणी बोट दाखवले तर मोजणाऱ्याजवळ कागद हवा. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवावेच लागतात, तरी ऐन वेळी सीएकडे पिशवीभर पावत्या नेऊन ओतणारे खजिनदार मी पाहिलेत. कापणीच्या सणाला चर्चमध्ये वाहिलेल्या भाजी-धान्याचा लिलाव तर विचारूच नका. भोपळा हौसेने आठशेला घ्यायचा आणि पैसे नाताळपर्यंत उधार!

कामे वाटून द्या, हेही ठीक. बायबलमधला मोशे दिवसभर एकटाच लोकांचे निवाडे करीत बसे, तेव्हा हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नायक नेम, असे त्याला सासऱ्यानेच, इथ्रोनेच सुचवले होते. त्यासाठी एमबीए लागले नाही.

माझे भांडण पुढच्या स्लाइडशी आहे. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, महिन्याचे टार्गेट: घरभेटी इतक्या, नवी कुटुंबे इतकी. कळव्याला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे ते नेमाने जातात. आजींना ऐकू कमी येते, स्तोत्र दोनदा वाचावे लागते, मग चहा, मग सुनेची गाऱ्हाणी. तास मोडतो, तक्त्यात भेट एकच. तेवढ्यात घोडबंदर रोडच्या एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये चार घरे उरकतील. आकडा गाठायचा झाला की आधी कोणती भेट गळेल, हे मार्चअखेरीस डीलरच्या गळ्यात माल मारताना पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चने या व्यवस्थापनशैलीत मोठे नाव कमावले. त्याच चर्चने 2007 मध्ये सभासदांची पाहणी जाहीर केली. कार्यक्रमांना हजेरी वाढली म्हणून भक्तीत वाढ होतेच असे नाही, हे त्यांना स्वतःलाच मान्य करावे लागले.

पंचांनी येत्या सभेत दर तिमाहीचा हिशेब फलकावर लावण्याचा ठराव आणावा, अनुमोदन माझे. टार्गेटचा ठराव आला, तर मी विरोधात मत देणार आहे.

— एक खजिनदार, ठाणे (पश्चिम)