मनोरुग्णालयांची जुनी दप्तरे नष्ट करू नयेत

महोदय,

जागेअभावी मनोरुग्णालयांतील जुनी दप्तरे निकालात काढावीत, असे सुचवणारा आपल्या अंकातील लेख वाचला. रुग्णांच्या खासगीपणाची त्यातील काळजी रास्त आहे; परंतु त्यासाठी कागद नष्ट करण्याची गरज नाही. अमेरिकेत व्यक्तीच्या मृत्यूनंतर ५० वर्षे तिच्या आरोग्यविषयक माहितीला कायद्याचे संरक्षण असते, तर ब्रिटनमधील अभिलेखागारे रुग्णांच्या नोंदी साधारणपणे १०० वर्षे बंद ठेवतात. यॉर्क येथे १७९६ मध्ये सुरू झालेल्या ‘द रिट्रीट’ या मनोरुग्णालयाची जुनी कागदपत्रे आज इंटरनेटवर वाचता येतात.

प्रशासकीय कागद म्हणजे निव्वळ हिशेब, हे लेखातील मत मात्र मुळीच पटले नाही. रुग्णाला कोणी आणि कोणत्या कारणासाठी दाखल केले, त्याच्या जेवणावर किती खर्च झाला, एका परिचारकाकडे किती रुग्ण होते, हे डॉक्टरांच्या टिपणांपेक्षा प्रवेश-नोंदवह्या, आहाराचे तक्ते आणि पगारपत्रकेच अधिक स्पष्टपणे सांगतात. इंग्लंडमध्ये तर १८४५ च्या कायद्याने रुग्णाला बांधून वा कोंडून ठेवल्याची नोंद सक्तीची केली होती. अनेक रुग्णांचे उभे आयुष्य त्या भिंतींआड सरले आणि त्यांच्या असण्याचा, हे लिहितानाही अस्वस्थ वाटते, तेवढाच पुरावा उरला आहे. म्हणून रुग्णपत्रिका ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवाव्यात, प्रशासकीय दप्तर नावे झाकून आधी खुले करावे आणि दोन्ही एकाच अभिलेखागारात सांभाळावीत. कारण एकाचा अर्थ दुसऱ्याशिवाय लागत नाही.

– एक वाचक